दानीएलाची सत्तर सप्तके : अंतकालाचे भाकीत आणि यहुदी इतिहास

१

बायबलच्या जुन्या करारातील ‘दानीएल’ हा ग्रंथ अवघ्या बारा अध्यायांचा आहे. परंतु जगाच्या अंताविषयी यहुदी व ख्रिस्ती समाजांत ज्या कल्पना पुढे रूढ झाल्या त्यांपैकी बऱ्याच कल्पनांचे मूळ त्या बारा अध्यायांत सापडते. एकामागून एक येणारी चार साम्राज्ये, समुद्रातून वर येणारे चार पशू, सत्तर सप्तकांची कालमर्यादा, पवित्रस्थानी उभा राहणारा ‘ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ’ आणि मृतांचे पुनरुत्थान ह्या त्यांतील प्रमुख होत. ह्या ग्रंथातील आकड्यांवरून अंतकालाचे वर्ष निश्चित करण्याचे प्रयत्न दोन सहस्र वर्षे चालत आलेले आहेत. अशा ग्रंथाचे इतिहासाचे साधन म्हणून मोल काय आणि ते कोणत्या मर्यादेत मानावे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

भविष्यकथनाच्या वाङ्मयाकडे पाहण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, ते श्रद्धेचे क्षेत्र म्हणून इतिहासकाराने त्याला स्पर्शच न करणे. दुसरा, ते घटनेनंतर रचलेले बनावट वाङ्मय म्हणून निकालात काढणे. दोन्ही मार्गांनी अभ्यासकाच्या हातून एक मोलाचे साधन निसटते. भाकीत ज्या भविष्याविषयी बोलते त्या भविष्याचा ते पुरावा नसते, हे खरे. पण ज्या क्षणी ते उच्चारले गेले त्या क्षणाचा त्याच्याइतका जवळचा साक्षीदार क्वचितच मिळतो.

भारतीय इतिहासाच्या अभ्यासकाला ही पद्धती अपरिचित नाही. विष्णु, वायु, मत्स्य इत्यादी पुराणांत कलियुगातील राजवंशांची वर्णने भविष्यकाळी क्रियापदांत आलेली आहेत. नंद, मौर्य, शुंग, आंध्र हे सर्व राजे पुराणकाराच्या भाषेत ‘होतील’. ते होऊन गेलेले नाहीत. एफ. ई. पार्जिटर यांनी १९१३ मध्ये ह्या वंशावळींचा चिकित्सक संग्रह प्रसिद्ध केला तेव्हा संकलनाचा काळ ठरविण्यासाठी त्यांनी हाच विचार केला की, ह्या भविष्यकथनाला नेमके कोठवरचे माहीत आहे? गुप्तांची सत्ता प्रयाग, साकेत व मगध ह्या प्रदेशांपुरती असल्याचे पुराणाला ज्ञात आहे, त्यांच्या पुढील विस्ताराचे ज्ञान नाही. त्यावरून काही पाठांचे संकलन चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात झाले असावे, असे अनुमान निघाले. बाबिलोनी इष्टिकालेखांतही घडून गेलेल्या राजवटी भविष्यकाळात सांगण्याचा प्रघात आढळतो. सारांश, दानीएलाच्या ग्रंथाची रचना प्राचीन जगात एकाकी नाही. मात्र तिच्या मागे असलेली वेदना तिची स्वतःची आहे, आणि ती समजण्यासाठी प्रथम इ. स. पू. दुसऱ्या शतकातील यरुशलेमकडे वळले पाहिजे.

२

अलेक्झांडर इ. स. पू. ३२३ मध्ये मरण पावला व त्याचे साम्राज्य सेनापतींनी वाटून घेतले. यहुदिया हा चिमुकला प्रदेश इजिप्तचे टॉलेमी आणि सीरियाचे सेल्युकसवंशीय राजे ह्यांच्या सीमेवर सापडला. सुमारे शंभर वर्षे तो टॉलेमींच्या अंमलाखाली होता. इ. स. पू. २०० च्या सुमारास पॅनियनच्या लढाईत तिसऱ्या अँटायोकसने तो जिंकून घेतला. परंतु ह्याच राजाचा पुढे मॅग्नेशियाच्या रणांगणावर रोमनांनी पराभव केला, आणि इ. स. पू. १८८ च्या अपामियाच्या तहाने १५,००० टॅलेंटांच्या खंडणीचा बोजा सेल्युकसवंशाच्या माथी बसला. त्यानंतरच्या सेल्युकसवंशीय राजांना मंदिरांच्या खजिन्यांचा जो मोह पडला त्याचे एक कारण ह्या खंडणीत आहे.

चौथा अँटायोकस, बिरुदाने ‘एपिफनीझ’ म्हणजे प्रकट झालेला देव, हा इ. स. पू. १७५ मध्ये गादीवर आला. तत्पूर्वी तो रोममध्ये ओलीस होता. त्याच्या राज्यारोहणाबरोबरच यरुशलेममधील महायाजकपद विक्रीस निघाले. ओनियस ह्या वंशपरंपरागत महायाजकाला दूर सारून त्याचा भाऊ जेसन याने मोठी रक्कम देऊ करून ते पद मिळविले व नगरात ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा स्थापण्याची परवानगी घेतली. तीन वर्षांनी मेनेलॉस याने जेसनपेक्षा ३०० टॅलेंट अधिक देऊ केले आणि पद त्याच्याकडे गेले. पदच्युत ओनियसचा इ. स. पू. १७१ च्या सुमारास अँटिऑकजवळील डॅफ्नी येथे खून झाला. म्हणजे संघर्षाचा आरंभ परकीय राजा आणि धर्मनिष्ठ प्रजा यांच्यात झाला नाही; तो यरुशलेमच्या याजकवर्गात आणि धनिक घराण्यांत झाला. राजाने त्या भांडणाचा फायदा घेतला.

अँटायोकसने इ. स. पू. १७०-१६९ मध्ये इजिप्तवर पहिली स्वारी केली व तिच्यावरून परतताना यरुशलेमच्या मंदिरातील द्रव्य लुटले. इ. स. पू. १६८ मध्ये तो पुन्हा इजिप्तवर चालून गेला, तेव्हा अलेक्झांड्रियाजवळ गेयस पोपिलियस लीनस हा रोमन वकील त्याला आडवा आला. त्याने राजाभोवती काठीने वर्तुळ काढले आणि त्याबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी उत्तर मागितले, हा प्रसंग पॉलिबियसने वर्णिला आहे. अपमानित राजा माघारी फिरला. त्यानंतर यरुशलेमच्या तटबंदीचा पाडाव झाला, अक्रा नावाच्या गढीत लष्करी ठाणे बसले, आणि इ. स. पू. १६७ मध्ये यहुदी धर्माचारांवरच बंदी आली. शब्बाथ पाळणे, मुलांची सुंता करणे, नियमशास्त्राच्या प्रती बाळगणे हे देहान्ताचे अपराध ठरले. त्या वर्षीच्या किसलेव महिन्यात मंदिरातील होमवेदीवर दुसरी वेदी उभारून ते मंदिर ऑलिंपियन झ्यूसला अर्पण करण्यात आले.

ह्या बंदीविरुद्ध मोदीन गावच्या मत्तथ्या ह्या याजकाने व त्याच्या पुत्रांनी बंड पुकारले. यहुदा मक्काबी याने इ. स. पू. १६४ च्या किसलेव महिन्याच्या २५ तारखेस मंदिराचे शुद्धीकरण केले. हनुक्का हा सण त्याचेच स्मारक होय. त्याच सुमारास अँटायोकस इराणात मृत्यू पावला. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाबिलोनी राजावलीच्या इष्टिकालेखावरून त्याच्या मृत्यूची वार्ता त्याच किसलेव महिन्यात, म्हणजे इ. स. पू. १६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, बाबिलोनला पोचल्याचे सिद्ध झाले आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या पूर्वजांचे आगमन इ. स. पू. १७५ च्या आसपासचे मानले आणि समाजात हनुक्का पूर्वी पाळला जात नसे ह्या गोष्टीचा त्यासाठी आधार घेतला. ह्या परंपरेला समकालीन लेखी पुरावा नाही. तथापि ह्या अकरा वर्षांची स्मृती किती दूरवर पोचली, हे तिच्यावरून दिसते.

३

ह्या घटनांच्या प्रकाशात दानीएलाचा अकरावा अध्याय वाचला की, त्यातील गूढता बव्हंशी मावळते. त्यात एकाही ग्रीक राजाचे नाव नाही. आहेत ते ‘उत्तरेचा राजा’ आणि ‘दक्षिणेचा राजा’. परंतु एका पराक्रमी राजाचे राज्य चार दिशांना फाटणे, दक्षिणेच्या राजकन्येचा उत्तरेच्या राजाशी विवाह होऊन त्याचा शेवट वाईट होणे, उत्तरेच्या राजाने दक्षिणेच्या राजाला आपली कन्या देणे, समुद्रकिनाऱ्यांकडे वळलेल्या त्या राजाचा उद्दामपणा एका सेनापतीने मोडणे, त्याच्यामागून कर वसूल करणारा अधिकारी पाठविणारा राजा येणे, हा क्रम अलेक्झांडरपासून चौथ्या सेल्युकसपर्यंतच्या इतिहासाशी पायरीपायरीने जुळतो. मग येतो एक ‘तुच्छ’ पुरुष. त्याच्या इजिप्तवरील दोन्ही स्वाऱ्या, कित्तीमच्या जहाजांनी त्याचे परतणे, पवित्र कराराविरुद्ध त्याचा क्रोध, नित्याचा बली बंद पडणे आणि अमंगळ वस्तूची स्थापना हे सर्व अनुक्रमाने सांगितले आहे. ह्या ओळींचे प्राचीन ग्रीक भाषांतर कित्तीमच्या जागी सरळ ‘रोमन’ असा शब्द घालते. भाषांतरकाराला संदर्भ कळला होता.

चाळिसाव्या वचनापासून मात्र चित्र पालटते. तेथे उत्तरेचा राजा दक्षिणेवर पुन्हा स्वारी करतो, इजिप्त, लिबिया व कूश ह्यांची संपत्ती हस्तगत करतो, पूर्वेकडून व उत्तरेकडून आलेल्या बातम्यांनी अस्वस्थ होतो आणि समुद्र व पवित्र पर्वत ह्यांच्या दरम्यान तंबू ठोकून तेथे नष्ट होतो. ह्यांपैकी काहीही घडले नाही. अँटायोकसची तिसरी इजिप्त-स्वारी झाली नाही. तो पॅलेस्टाइनमध्ये मेला नाही. ज्या ग्रंथाला राजकन्यांचे विवाह आणि रोमन जहाजे एवढ्या बारकाईने माहीत आहेत, त्याला राजाच्या मृत्यूचे स्थळ मात्र माहीत नाही. इतिहास आणि भाकीत ज्या बिंदूवर एकमेकांपासून दूर जातात, त्याच बिंदूवर लेखक उभा आहे. ग्रंथाच्या अखेरच्या भागाची रचना इ. स. पू. १६७ ची विटंबना आणि इ. स. पू. १६४ चा शेवट ह्यांच्या दरम्यान झाली, हे मत ह्याच आधारावर उभे आहे. येथे भाकीताचे चुकणे हेच इतिहासकाराच्या हाती असलेले सर्वांत भक्कम साधन ठरते.

हा विचार आधुनिक काळात प्रथम सुचला असे नाही. तिसऱ्या शतकातील पॉर्फिरी ह्या तत्त्वज्ञाने ख्रिस्ती मताचे खंडन करणाऱ्या आपल्या ग्रंथात दानीएलावर एक संपूर्ण भाग खर्ची घातला आणि हा लेखक भविष्य सांगत नसून भूतकाळ कथन करीत आहे, असे प्रतिपादन केले. पॉर्फिरीचा ग्रंथ पुढे राजाज्ञेने जाळण्यात आला. त्याचे म्हणणे आज ठाऊक आहे ते मुख्यतः जेरोमने पाचव्या शतकाच्या आरंभी दानीएलावर लिहिलेल्या भाष्यामुळे. प्रतिपक्षाचे खंडन करण्यासाठी जेरोमला ते उद्धृत करावे लागले, आणि खंडनाने ते जपले गेले.

इतर पुरावाही ह्याच दिशेला बोट दाखवितो. हिब्रू बायबलमध्ये हा ग्रंथ संदेष्ट्यांच्या विभागात नाही, ‘लेख’ ह्या अखेरच्या विभागात आहे. इ. स. पू. १८० च्या सुमारास बेन सिरा याने पूर्वजांची जी प्रशस्ती रचली तीत यशया, यिर्मया, यहेज्केल व बारा संदेष्टे आहेत, दानीएल नाही. तिसऱ्या अध्यायातील वाद्यांच्या नावांत ग्रीक शब्द आहेत. बेलशस्सर हा नबोनिडसचा पुत्र होता व तो कधीही राजपदावर बसला नाही. बाबिलोन इ. स. पू. ५३९ मध्ये घेतले ते कोरेशाच्या पारसिक सैन्याने; ‘दारयावेश मेदी’ नावाचा राजा इतिहासाला अज्ञात आहे.

विरुद्ध पक्षाचे म्हणणेही लक्षात घेतले पाहिजे. ग्रंथ सहाव्या शतकातच रचला गेला असे मानणारे अभ्यासक दाखवून देतात की, बेलशस्सराचे नाव ग्रीक इतिहासकारांना ठाऊक नव्हते. ते कीलाक्षरी लेखांतून एकोणिसाव्या शतकात उजेडात आले. मग दुसऱ्या शतकातील लेखकाला ते कोठून मिळाले? आक्षेप महत्त्वाचा आहे, पण त्याने सिद्ध होते ते एवढेच की, ग्रंथात जुनी सामग्री आहे. पहिल्या सहा अध्यायांतील दरबारी कथा जुन्या असून त्यांतील राजे अँटायोकससारखे छळक नाहीत. दारयावेश तर दानीएलासाठी रात्रभर उपाशी राहतो. कुमरान येथे मिळालेल्या ‘नबोनिडसची प्रार्थना’ ह्या त्रुटित लेखात सात वर्षे व्याधिग्रस्त असलेल्या नबोनिडसची जी कथा आहे ती दानीएलातील नबुखद्नेस्सराच्या कथेशी निकटचे नाते दाखविते. बाबिलोनी आठवणी यहुदी समाजात कथारूपाने वाहत होत्या. संकटकाळातील लेखकाने त्यांना आपल्या दर्शनांची जोड दिली, असे मानल्यास दोन्ही प्रकारच्या पुराव्यांची संगती लागते.

४

सत्तर सप्तकांचा प्रश्न अधिक बिकट आहे. यिर्मयाने बाबिलोनची सत्ता सत्तर वर्षे टिकेल असे म्हटले होते. बाबिलोन पडले, निर्वासित परतले, मंदिर पुन्हा उभे राहिले. पण वचन दिलेले वैभव आले नाही. एका साम्राज्याच्या जागी दुसरे आले, दुसऱ्याच्या जागी तिसरे. तेव्हा संदेष्ट्याचे वचन खोटे म्हणावे की त्याचा अर्थ वेगळा घ्यावा? दानीएलाच्या नवव्या अध्यायाने दुसरा मार्ग पत्करला. सत्तर वर्षे म्हणजे वर्षांची सत्तर सप्तके, एकूण ४९० वर्षे. येथे ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही की, बायबलमधील अंतकालाचा सर्वांत प्रसिद्ध आकडा हा मुळात एका जुन्या भाकीताचे पुनर्वाचन आहे. पुढील काळात जे दानीएलाच्या बाबतीत घडले ते दानीएलाने यिर्मयाच्या बाबतीत आधीच केले होते.

ह्या ४९० वर्षांचे तीन भाग आहेत. पहिली सात सप्तके, म्हणजे ४९ वर्षे, इ. स. पू. ५८७ च्या विध्वंसापासून इ. स. पू. ५३८ च्या सुमारास झालेल्या परतीपर्यंत बरोबर बसतात. शेवटचे सप्तक ‘अभिषिक्ता’च्या वधाने सुरू होते व त्याच्या मध्यावर बली बंद पडतात. ओनियसचा खून इ. स. पू. १७१ च्या सुमारास आणि विटंबना इ. स. पू. १६७ मध्ये, हेही जुळते. परंतु मधली बासष्ट सप्तके म्हणजे ४३४ वर्षे, आणि इ. स. पू. ५३८ ते १७१ हे अंतर ३६७ वर्षांचेच आहे. सुमारे ६७ वर्षे अधिक पडतात. हा फरक मिटविण्यासाठी आरंभबिंदू मागेपुढे सरकविण्याच्या अनेक युक्त्या झाल्या आहेत. सरळ उत्तर असे की, लेखकाजवळ पारसिक कालखंडाची अचूक कालगणना नव्हती, आणि त्याला तिची गरजही नव्हती. ४९० ही संख्या पंचांगातून आलेली नाही. ती दहा योबेल-चक्रांची, धर्मशास्त्रातून आलेली संख्या आहे. लेखकाला दोन्ही टोके स्पष्ट दिसत होती, एकीकडे नबुखद्नेस्सर आणि दुसरीकडे अँटायोकस. मधला काळ त्याच्या दृष्टीने केवळ ओलांडावयाचा होता.

दिवसांच्या आकड्यांत मात्र प्रत्यक्ष प्रतीक्षेची खूण उमटलेली दिसते. आठव्या अध्यायात २३०० ‘संध्याकाळ-सकाळ’ सांगितल्या आहेत. रोजचे दोन बली धरले तर त्यांचे ११५० दिवस होतात. बाराव्या अध्यायाच्या अखेरीस १२९० दिवस येतात, आणि लगेच पुढील वचनात १३३५ दिवसांपर्यंत धीर धरणारा धन्य म्हटला आहे. मुदत टळत गेली तसे आकडे वाढविले गेले, असे अनेक विद्वानांचे अनुमान आहे. ते मान्य केल्यास ह्या दोन वचनांत एका लहानशा समुदायाच्या वाट पाहण्याची नोंद राहिली आहे, असे म्हणावे लागेल. हा समुदाय कोणाचा, हेही ग्रंथ सांगतो. अकराव्या अध्यायातील ‘सुज्ञ’ लोक अनेकांना समज देतात आणि तलवारीने व अग्नीने पडतात. त्यांना ‘अल्प साहाय्य’ मिळते; बहुधा हा मक्काबींच्या बंडाचा थंड उल्लेख असावा. नियमशास्त्र पाळले म्हणून मारल्या गेलेल्यांना न्याय कोठे, हा प्रश्न जुन्या करारात असा तीव्रपणे पूर्वी उभा राहिला नव्हता. मृतांपैकी पुष्कळ जण जागे होतील हे हिब्रू बायबलमधील पुनरुत्थानाचे पहिले निःसंदिग्ध विधान ह्याच ग्रंथात यावे, हा योगायोग नव्हे.

५

राजाचा मृत्यू भाकीताप्रमाणे झाला नाही, तरी ग्रंथ टाकून दिला गेला नाही. कुमरानच्या गुहांत दानीएलाच्या आठ हस्तलिखितांचे अवशेष मिळाले. त्यांपैकी एक इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे रचनेनंतर सुमारे अर्धशतकातलेच आहे. त्याच समुदायाने हबक्कूक संदेष्ट्यावर लिहिलेल्या भाष्यात ह्या वाचनपद्धतीचे तत्त्व स्पष्ट मांडले आहे. देवाने संदेष्ट्याला अखेरच्या पिढीविषयी लिहिण्यास सांगितले. पण काळाची पूर्तता त्याला कळविली नाही. ते रहस्य पुढे ‘नीतिमत्तेच्या गुरू’ला उलगडले. ही कल्पना एकदा मान्य झाली की, जुने वचन चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. चुकतो तो फक्त आधीचा वाचक.

रोमन सत्ता आली तेव्हा चौथ्या साम्राज्याचा अर्थ बदलला. मूळ ग्रंथात बाबिलोनी, मेदी, पारसिक व ग्रीक असा क्रम होता. आठव्या अध्यायात एडका व बकरा ह्यांचा अर्थ मेदी-पारसिक व ग्रीक असा उघडच दिला आहे. पण इ. स. १०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘चौथा एज्रा’ ह्या ग्रंथात देवदूत एज्राला सांगतो की, हे चौथे राज्य तुझ्या बंधू दानीएलाला दिसले खरे, पण आता तुला उलगडून सांगितले जात आहे तसे त्याला सांगितले गेले नव्हते. पुनर्वाचनाची इतकी प्रांजळ कबुली प्राचीन वाङ्मयात विरळा. जोसीफसने तर एकाच प्रकरणात दोन्ही अर्थ ठेवले : दानीएलाने अँटायोकसविषयी लिहिले, आणि रोमनांविषयीही लिहिले. नबुखद्नेस्सराच्या स्वप्नातील पुतळा फोडणाऱ्या दगडाचा अर्थ मात्र सांगण्याचे त्याने टाळले. रोमच्या सम्राटांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या यहुदी इतिहासकाराला रोमचा नाश करणाऱ्या दगडाविषयी मौन पाळणेच इष्ट होते.

नव्या करारातही हीच प्रक्रिया दिसते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात ‘अमंगळ पदार्थ’ पुन्हा येतो, आणि वाचकाने समजून घ्यावे अशी सूचना मध्येच येते. ह्या वचनामागे इ. स. ४० च्या सुमारास कालिगुला सम्राटाने मंदिरात आपला पुतळा बसविण्याचा जो हुकूम काढला त्याची आठवण असावी, असे काही विद्वान मानतात; इतर ते यहुदी-रोमन युद्धाच्या काळाशी जोडतात. लूकने त्याच ठिकाणी अमंगळ पदार्थाऐवजी सैन्यांनी वेढलेले यरुशलेम लिहिले आहे. यरुशलेमचा वेढा व पाडाव डोळ्यांपुढे ठेवून त्याने गूढ शब्दाचा उलगडा केला, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे.

पहिल्या शतकाच्या अखेरीस, बहुधा डोमिशियनच्या कारकिर्दीत, लिहिलेल्या ‘प्रकटीकरण’ ग्रंथाने दानीएलाचे चार पशू एकाच पशूत विलीन केले. त्याची काया चित्त्याची, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचे आणि शिंगे दहा. त्याचा अंमल ४२ महिने, म्हणजे दानीएलातील साडेतीन वर्षे. त्याची संख्या ६६६; ‘नेरोन कैसर’ ही अक्षरे हिब्रूत मांडून त्यांची मूल्ये मिळविली की हीच बेरीज येते, आणि अखेरचा नकार गाळला की ६१६. काही प्राचीन प्रतींत ६१६ हा पाठ आढळतो, ही गोष्ट ह्या उकलीला बळकटी देते. रोमला ‘बाबिलोन’ म्हणण्यामागील तर्कही इतिहासाचाच आहे : दोघांनीही यरुशलेमचे मंदिर जाळले.

६

आतापर्यंत पाहिले ते ग्रंथांविषयी. परंतु भाकीते केवळ वाचली जात नाहीत. माणसे त्यांच्या भरवशावर वागतात. इ. स. ६६ मध्ये रोमविरुद्ध जे युद्ध पेटले त्याच्या कारणांत करांचा जुलूम, रोमन अधिकाऱ्यांचा उन्मत्तपणा व अंतर्गत वर्गकलह ही होतीच. पण यहुदी लोकांना युद्धास सर्वाधिक प्रवृत्त करणारी गोष्ट म्हणून जोसीफस धर्मग्रंथांतील एका संदिग्ध भाकीताचे नाव घेतो. त्या देशातून जगाचा स्वामी निघेल, असा त्याचा आशय होता. लोकांनी तो आपल्यापैकी कोणी समजला. जोसीफसने तो व्हेस्पेशियनला लागू केला, कारण तो यहुदियात असतानाच सम्राट घोषित झाला. टॅसिटस व सुएटोनियस ह्या रोमन लेखकांनाही हे भाकीत ठाऊक आहे. इ. स. ७० मध्ये मंदिर जळत असता त्याच्या बाह्य अंगणातील एका ओवरीवर सुमारे ६,००० स्त्रीपुरुष व मुले आश्रयाला गेली होती. तेथे मुक्तीची चिन्हे दिसतील असे एका संदेष्ट्याने त्यांना सांगितले होते. त्यांतील एकही वाचला नाही, असे जोसीफस सांगतो. जोसीफसची बंडखोरांविरुद्धची मनोवृत्ती लक्षात घेऊन त्याच्या आकड्याविषयी सावध राहावे. पण अशी आशा तेथे जिवंत होती, हे नाकारता येत नाही.

विध्वंसानंतर सत्तर सप्तकांचा आणखी एक अर्थ पुढे आला, आणि त्याने कालगणनेलाच वाकविले. योसे बेन हलाफ्ता ह्या दुसऱ्या शतकातील रब्बींच्या नावे असलेल्या ‘सेदेर ओलाम’ ह्या कालक्रमग्रंथात पहिल्या मंदिराच्या नाशापासून दुसऱ्याच्या नाशापर्यंत ४९० वर्षे मोजली आहेत : सत्तर वर्षे निर्वासाची, ४२० दुसऱ्या मंदिराची. प्रत्यक्षात इ. स. पू. ५८६ ते इ. स. ७० हे अंतर ६५५ वर्षांचे आहे. सुमारे १६५ वर्षे ह्या गणनेतून नाहीशी झाली, आणि त्यांचा मोठा भाग पारसिक काळातून गेला. मंदिराच्या पुनर्रचनेपासून अलेक्झांडरपर्यंतच्या जवळजवळ दोन शतकांची तेथे ३४ वर्षे उरली. दानीएलाच्या लेखकाने हाच काळ ताणला होता. रब्बींनी तो आखडला. दोघांचीही मोजपट्टी एकच होती, ४९०; फक्त तिचे दुसरे टोक एकाने अँटायोकसपाशी धरले, दुसऱ्याने टायटसपाशी.

साठ वर्षांनी बंडाचा वणवा पुन्हा पेटला. इ. स. १३२ मध्ये शिमोन बर कोसिबा याच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. रब्बी अकिबा यांनी गणना ग्रंथातील याकोबातून उगवणाऱ्या ताऱ्याचे वचन त्याला लावले, व त्यावरून तो ‘बर कोखबा’, ताऱ्याचा पुत्र, म्हणून ओळखला गेला. त्याच वेळी योहानान बेन तोर्ता यांनी अकिबांना बजावले की, तुमच्या गालांतून गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल. हा संवाद यरुशलेमच्या तालमुदात नोंदलेला आहे. इ. स. १३५ मध्ये उठाव चिरडला गेला. डिओ कॅसियस युद्धात पडलेल्यांची संख्या ५,८०,००० देतो. यरुशलेमच्या जागी ईलिया कॅपिटोलिना ही रोमन वसाहत उभी राहिली व यहुद्यांना तेथे प्रवेशबंदी झाली. १९५० नंतरच्या दशकात वादी मुरब्बात येथे आणि १९६०-६१ मध्ये नहल हेव्हर येथे बर कोसिबाची मूळ पत्रे सापडली. त्यांतून दिसणारा पुरुष धान्य, पुरवठा, शिस्त व सणासाठी लागणाऱ्या फांद्या ह्यांची व्यवस्था लावणारा सेनानी आहे. तारा तो इतरांच्या वाचनात झाला. ह्या अनुभवानंतर रब्बींच्या परंपरेत अंताचा हिशेब मांडणाऱ्यांविषयी तीव्र निषेध आढळतो. तो केवळ धार्मिक संकोच नव्हे. दोन विध्वंसांतून शिकलेले राजकीय शहाणपण त्यात आहे.

७

वरील विवेचनातून संशोधनपद्धतीच्या दृष्टीने तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, भाकीतात्मक ग्रंथाचा काळ ठरविताना जे जुळते त्यापेक्षा जे जुळत नाही त्याला अधिक महत्त्व द्यावे. दुसरी, अशा ग्रंथातील आकडे कालगणनेची साधने म्हणून घेण्यापूर्वी ती संख्या कोणत्या धर्मकल्पनेतून आली हे पाहावे. अन्यथा ४९० वर्षांच्या मोजपट्टीने इतिहासच कापला जातो. तिसरी, प्रत्येक पुनर्वाचन हे स्वतंत्र ऐतिहासिक साधन आहे. कुमरानचा समुदाय, मार्क व लूक, जोसीफस, चौथ्या एज्राचा लेखक आणि सेदेर ओलाम हे सर्व एकाच ग्रंथाविषयी बोलतात. पण त्यांतील प्रत्येक जण साक्ष देतो ती आपल्या पिढीची. विल्यम मिलर याने २३०० दिवसांची २३०० वर्षे करून १८४३-४४ ह्या सुमाराची जी मुदत काढली तीही अशीच एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेची साक्ष आहे.

श्रद्धावान वाचकाने ह्या ग्रंथात काय शोधावे, हे सांगणे इतिहासाच्या अधिकारात बसत नाही. इतिहास एवढेच दाखवू शकतो की, हा ग्रंथ प्रथम कोणासाठी लिहिला गेला. तो दूरच्या शतकांतील गणितज्ञांसाठी लिहिला गेला नव्हता. नियमशास्त्राची गुंडाळी घरात ठेवली म्हणून ज्यांना मृत्यूची शिक्षा होत होती, अशा माणसांना हा राजा शेवटचा नाही आणि ह्या दुःखाला मोजता येईल अशी सीमा आहे, हे सांगण्यासाठी तो लिहिला गेला. सीमेचा आकडा चुकला. राजा मात्र गेला, मंदिराची वेदी पुन्हा उभी राहिली, आणि ज्यांनी तोवर धीर धरला त्यांच्या वंशजांनी तो चुकलेल्या आकड्यांचा ग्रंथ जपून ठेवला. हे जपणे कसे समजावून घ्यावे, ह्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत नाही; ते इ. स. पू. १६७ ते १६४ ह्या तीन वर्षांच्या इतिहासात आहे.